उच्चार एक, स्पेलिंगं तीन: इंग्रजीतले जुळे शब्द वेगळे कसे ओळखायचे

फोनशी बोललं की फोन लिहून देतो, ही सोय आली तेव्हा इंग्रजी स्पेलिंगची कटकट मिटली असं अनेकांना वाटलं. काही बाबतीत ती वाढली. तुम्ही 'देअर' म्हणता तेव्हा फोनपुढे तीन पर्याय असतात: 'तिथे' या अर्थाचा, 'त्यांचा' या अर्थाचा आणि 'दे आर' आखडून झालेला. उच्चार तिन्हींचा सारखा. आजूबाजूचे शब्द बघून फोन अंदाज बांधतो. तो बहुतेकदा बरोबर असतो, पण चुकला तर चुकल्याची खूण काही दिसत नाही. साध्या स्पेलिंग-तपासणीत चुकीच्या शब्दाखाली जी लाल रेघ येते, ती हा शब्द कोशात आहे का एवढंच बघून येते. हे तिन्ही कोशात आहेत.

उच्चार सारखा पण अर्थ आणि स्पेलिंग वेगळं, अशा शब्दांना होमोफोन म्हणतात. आपण इथे समोच्चारी शब्द म्हणू. शाळेत त्यांच्या जोड्यांची लांबलचक यादी पाठ करून घेतात आणि परीक्षा संपली की यादी विरते. यात विद्यार्थ्यांचा दोष कमी, यादीचा जास्त. या सगळ्या जोड्या एकाच कारणाने तयार झालेल्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांना घोकंपट्टीचं एकच औषध लागू पडत नाही. जोडी कुठल्या जातीची आहे हे ओळखलं की बऱ्याच जोड्या पाठ करण्याची गरजच उरत नाही.

(पुढे पूर्ण स्पेलिंग न देता बहुतेक ठिकाणी फरकाची अक्षरं तेवढी नावाने सांगितली आहेत.)

इंग्रजीत हे इतकं का?

मराठीतही असे शब्द आहेत. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. बोलताना दोन्ही बहुधा सारखेच ऐकू येतात. पण मराठीत हा घोळ मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घापुरता राहतो. इंग्रजीत तो सगळीकडे पसरलेला आहे, आणि त्याचं मोठं कारण वेळेची गफलत हे आहे.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरीव होऊ लागलं. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा बदलत होते. घरातली माणसं बदलली, दारावरची पाटी तीच राहिली.

'मीट' घ्या. 'डबल ई'चा मीट म्हणजे भेटणे, 'ई-ए'चा मीट म्हणजे मांस. आज दोन्ही सारखे ऐकू येत असले तरी पूर्वी त्यांचे स्वर वेगळे होते. पहिल्यात आपल्या लांबवलेल्या 'ए'सारखा स्वर होता, दुसऱ्यात तोंड जास्त उघडून 'ॲ'कडे झुकणारा. पुढे दोन्ही घसरत 'ई'वर येऊन थांबले, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. 'सी' (पाहणे आणि समुद्र), 'वीक' (आठवडा आणि अशक्त), 'स्टील' (पोलाद आणि चोरणे) या जोड्यांची हकीकत हीच. 'मेल' (नर आणि टपाल), 'टेल' (गोष्ट आणि शेपूट), 'पेन' (खिडकीची काच आणि वेदना), 'सेल' (विक्री आणि शीड) यांच्या 'ए-आय'वाल्या जोड्याही अशाच एकत्र आल्या; त्यातला 'ए-आय' एकेकाळी खरोखर दोन स्वरांचा जोड म्हणून उच्चारला जायचा.

मुके व्यंजनही पूर्वी मुके नव्हते. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' सतराव्या शतकापर्यंत ऐकू येत असे, आणि त्यातला 'जी-एच' घशातून येणाऱ्या घर्षणाचा आवाज होता. 'के' गळाला आणि सरदार व रात्र एका उच्चारावर आले. 'नो' (माहीत असणे), 'न्यू' (माहीत होतं) आणि 'नॉट' (गाठ) यांचाही 'के' असाच गेला, आणि 'राइट'मधला (लिहिणे) 'डब्ल्यू'ही.

मात्र प्रत्येक मुक्या अक्षराच्या मागे इतिहास शोधू नये. 'संपूर्ण' या अर्थाच्या 'होल'मधला 'डब्ल्यू' मुळात नव्हता, तो मागाहून चिकटला. बाकांमधल्या वाटेसाठीच्या 'आइल'मधला 'एस' बेटाच्या 'आइल'शी गल्लत होऊन आत शिरला. कधी तर एकाच शब्दाचे दोन झाले: 'फ्लॉवर' (फूल) आणि 'फ्लावर' (पीठ) हे मूळचे एकच. पीठ म्हणजे दळलेल्या धान्याचा सगळ्यात उत्तम भाग, जणू त्याचं फूल. अर्थ दूर गेले तेव्हा सोयीसाठी स्पेलिंगही वेगळं केलं.

सगळ्यात जास्त चुका सगळ्यात छोट्या शब्दांत

दुर्मीळ शब्दांची जोडी वर्षातून एकदा नडते. 'इट्स', 'देअर', 'युअर', 'टू' हे मात्र प्रत्येक परिच्छेदात येतात. वेळ थोडा असेल तर तो इथेच घालवावा.

अशा चार जोड्यांना एकच नियम पुरतो. 'इट्स', 'युअर', 'हूज' आणि 'देअर' यांच्यात अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकणारा स्वल्पविराम, दोन शब्द जोडल्याची खूण असतो. वाक्य पूर्ण रूपात वाचून बघा: 'इट इज' किंवा 'इट हॅज', 'यू आर', 'हू इज' किंवा 'हू हॅज', 'दे आर'. वाक्य टिकलं तर अपॉस्ट्रॉफी द्यायचा, कोसळलं तर नाही. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' मध्ये 'इट इज टेल' म्हणून बघा, लगेच खटकतं. म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी नाही.

इथे एक रास्त शंका येते. मालकी दाखवायला नामाला अपॉस्ट्रॉफी आणि 'एस' लागतो, मग 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'ला का नाही? कारण मालकी दाखवणाऱ्या पुरुषवाचक सर्वनामांपैकी कुणालाच तो लागत नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' आणि 'इट्स' एकाच पंक्तीत बसतात. खुद्द इंग्रजांचाही हा गोंधळ बराच काळ चालला. सतराव्या आणि अठराव्या शतकांत मालकीच्या 'इट्स'लाही अपॉस्ट्रॉफी दिलेला आढळतो.

आता 'देअर'मधली उरलेली दोन रूपं. जागा सांगणाऱ्या 'हिअर', 'व्हेअर' आणि 'देअर' या तिन्हींच्या शेवटी 'एच-ई-आर-ई' येतं. तो तुकडा दिसला की जागा. मालकीच्या रूपात 'एच-ई-आय-आर' आहे. ही अक्षरं सुटी वाचली तर 'वारस' या अर्थाचा 'एअर' शब्द होतो, आणि वारसाचा संबंध मालकीशीच असतो.

छोट्या शब्दांचा आणखी एक कल फारसा कुणी सांगत नाही. इंग्रजीत व्याकरणाची कामं करणारे शब्द एका-दोन अक्षरांचे चालतात. वस्तू, क्रिया किंवा संख्या सांगणाऱ्या शब्दांना सहसा किमान तीन अक्षरं लागतात. म्हणून 'आत' या अर्थाचा 'इन' दोन अक्षरांचा, पण मुक्कामाच्या जागेचा 'इन' 'एन' दोनदा घेतो. 'असणे'चा 'बी' दोन अक्षरी, मधमाशीचा तीन. 'ने'/'जवळ' सांगणारा 'बाय' दोन अक्षरी. खरेदीचा मध्ये 'यू' घेतो, निरोपाचा शेवटी 'ई'. 'मी' म्हणणारा 'आय' एका अक्षराचा, डोळ्याचा तीन. 'सो' (म्हणून) दोन अक्षरी. शिवण्याचा 'एस-ई-डब्ल्यू', पेरण्याचा 'एस-ओ-डब्ल्यू'. 'गो', 'डू', 'ऑक्स' असे अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. 'टू'ही यातच बसतो: दोन अक्षरी 'टू' दिशा दाखवतो किंवा क्रियापदाआधी येतो. 'खूप' किंवा 'सुद्धा' म्हणणाऱ्यात एक 'ओ' जास्त. आकड्याच्या 'टू'मध्ये 'डब्ल्यू' आहे आणि तो 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी' या त्याच्या भावंडांमध्ये अजूनही ऐकू येतो.

तपासताना सगळा मजकूर वरपासून वाचण्यापेक्षा संगणकाच्या शोध-सुविधेत यांतला एकेक शब्द टाकावा आणि जिथे जिथे सापडेल तिथे थांबून परीक्षा लावावी. सलग वाचताना डोळा अर्थाकडे धावतो आणि छोटे शब्द न बघताच पुढे जातो.

शब्दाच्या शेपटीत दडलेलं व्याकरण

इंग्रजी स्पेलिंग बऱ्याचदा आवाजाऐवजी अर्थाला धरून चालतं. भूतकाळाचा 'ई-डी' कधी 'ट', कधी 'ड', कधी 'इड' असा ऐकू येतो, लिहिला मात्र एकाच पद्धतीने जातो. त्यामुळे 'गेस्ट' पाहुणा असेल तर शेवटी 'एस-टी'. अंदाज केला असेल तर मूळ क्रियापद आणि त्याला 'ई-डी'. 'मिस्ट' (धुकं आणि चुकलं), 'बँड' (पट्टा आणि बंदी घातली), 'टाइड' (भरती आणि बांधलं), 'अलाउड' (मोठ्याने आणि परवानगी दिली) या जोड्या याच एका प्रश्नाने सुटतात: कुणी काही केलं का? केलं असेल तर 'ई-डी'.

'पास्ट' इथे त्रास देतो, कारण त्यातल्या क्रियापद नसलेल्या रूपातही हालचाल असते. 'ही पास्ड द हाउस' आणि 'ही वॉक्ड पास्ट द हाउस' या दोन्हींत माणूस घरावरून गेलाच. इथे वाक्यातली क्रियापदं मोजावीत. दुसऱ्या वाक्यात 'वॉक्ड' हे क्रियापद आधीच हजर आहे, त्यामुळे उरलेला शब्द 'एस-टी'चा. पहिल्यात दुसरं क्रियापदच नाही, म्हणून 'ई-डी'.

दुसरी शेपटी 'एन-सी-ई' आणि 'एन-टी-एस'ची. 'पेशन्स' म्हणजे धीर आणि रुग्णांचं अनेकवचन, 'असिस्टन्स' म्हणजे मदत आणि मदतनीस, 'रेसिडेन्स' म्हणजे निवास आणि रहिवासी. 'एन' आणि 'एस'च्या मध्ये जीभ आपोआप एक पुसटसा 'ट' सोडते, म्हणून हे शब्द एकमेकांत मिसळतात. मोजता येणारी माणसं किंवा वस्तू असतील तर 'टी-एस', गुण किंवा अवस्था असेल तर 'सी-ई'. उपस्थितीचा 'प्रेझेन्स' आणि भेटवस्तूंचा 'प्रेझेन्ट्स' यांनाही हे लागू पडतं.

तिसरी 'ए-आर-वाय' आणि 'ई-आर-वाय'ची. स्थिर या अर्थाचं 'स्टेशनरी' विशेषण आहे आणि 'ऑर्डिनरी', 'टेम्पररी', 'प्रायमरी' या विशेषणांसारखं 'ए' घेतं. लेखनसाहित्य 'बेकरी', 'ग्रोसरी' या दुकानी शब्दांच्या रांगेतलं, त्याला 'ई'. गंमत अशी की दोन्हींचं मूळ एकच आहे. फेरीवाल्यापेक्षा वेगळा, एका जागी दुकान थाटून बसणारा, तो स्टेशनर.

नातेवाईक विचारा

जिथे व्याकरण मदतीला येत नाही तिथे शब्दाचं कुटुंब येतं. 'बरे होणे'च्या 'हील'मध्ये 'ई-ए' का, तर 'हेल्थ'मध्ये ते आहे. चोरण्याच्या 'स्टील'चं नातं 'स्टेल्थ'शी. तोडण्याचा 'ब्रेक' 'ब्रेकफास्ट'मध्ये जसाच्या तसा सापडतो, त्यामुळे गाडीचा 'ब्रेक' दुसरा. स्नायूच्या 'मसल'मधला मुका 'सी' 'मस्क्युलर'मध्ये बोलतो. 'पूरक' या अर्थाच्या 'कॉम्प्लिमेंट'मध्ये 'एल'नंतर 'ई' आहे, कारण तो 'कम्प्लीट'चा भाऊ. स्तुतीच्या शब्दात त्या जागी 'आय'. 'साइट' तीन आहेत. उद्धृत करण्याच्या 'साइट'मधून 'सायटेशन' होतो, जागेच्या 'साइट'चा 'सिच्युएट'शी संबंध, आणि 'जी-एच-टी'वाला उरलेला 'लाइट', 'ब्राइट'सारखा डोळ्यांशी निगडित.

लोकप्रिय तोडगे नीट पारखून घ्यावेत. 'प्रिन्सिपल आपला पॅल, म्हणजे मित्र' हे शाळेच्या प्रमुखाला ठीक, पण कर्जाच्या मुद्दलालाही 'पी-ए-एल'च लागतं आणि तिथे मित्र आठवत नाही. त्यापेक्षा पक्कं असं: 'पी-एल-ई'वाला शब्द म्हणजे तत्त्व, आणि तो फक्त नाम असतो. मुख्य, प्रमुख, मुद्दल, बाकी सगळं 'पी-ए-एल'.

ना व्याकरण, ना नातेवाईक, अशा जोड्याही उरतात. त्यातला एकच शब्द पक्का करावा. दोन्ही शेजारी लिहून एकत्र घोकले की ते डोक्यातही शेजारीच बसतात आणि आयत्या वेळी कोणता कोणता हे कळत नाही. एक घट्ट बसला की दुसरा आपोआप 'तो नव्हे तो' होतो.

आपल्या कानाने तयार केलेले जुळे

काही जोड्या इंग्रजीत समोच्चारी नाहीतच, त्या आपण तसं बोलल्याने तयार होतात. देवनागरीत 'वेट' लिहा. त्यात ओला, पशुवैद्य, थांबणे आणि वजन असे चार शब्द मावतात. यातले खरे जुळे फक्त शेवटचे दोन. पशुवैद्याच्या 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात; ओल्याच्या 'डब्ल्यू'ला दातांचा संबंध नाही, ओठ गोल होतात. आपला 'व' या दोन्हींच्या अधेमधे राहतो. थांबण्याच्या शब्दात 'ए'चा शेवट 'इ'कडे सरकतो, ओल्याच्या शब्दात स्वर आखूड आणि स्थिर असतो. 'टेस्ट' (परीक्षा आणि चव), 'एज' (कड आणि वय) इथेही हीच गडबड.

'शिप' आणि 'शीप', 'फिल' आणि 'फील', 'पुल' आणि 'पूल' यांचं कारण आणखी खोल आहे. मराठीत 'तीळ', 'मूल', 'फूल' अशा शब्दांत शेवटच्या व्यंजनाआधीचा इकार-उकार आपोआप लांबतो, आणि हीच सवय घेऊन आपण इंग्रजी बोलतो. त्यामुळे जहाज बोलताना मेंढी होऊन जातं. 'लूज' मध्ये सैल आणि हरवणे एक होतात, कारण 'स' आणि गळ्यात कंप होऊन निघणारा 'झ'सारखा आवाज यांतला फरक आपण ऐकत नाही. सैल शब्द 'स'ने संपतो आणि 'ओ' दोनदा घेतो. सल्ल्याच्या 'अॅडव्हाइस'मध्येही असंच: नाम 'स'ने संपतं आणि 'सी' घेतं, क्रियापद 'झ'ने संपतं आणि 'एस' घेतं. हा फरक कानात बसला की ब्रिटिश पद्धतीतला 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'ही सुटतो. त्यांचा उच्चार नाम-क्रियापदात सारखाच असला तरी नामाला 'सी', क्रियापदाला 'एस'. अमेरिकेत हा भेद पाळत नाहीत. तिथे 'प्रॅक्टिस' नेहमी 'सी'चा, 'लायसन्स' नेहमी 'एस'चा.

या गटावर स्पेलिंग घोकणं हा उपाय नव्हे. शब्दकोशातला ध्वनिमुद्रित उच्चार ऐकायचा आणि जीभ, दात, ओठ योग्य जागी नेऊन बोलायचं. आवाज वेगळा झाला की अक्षरं त्याच्यामागून येतात.

उलट बाजूही आहे. 'वुड हॅव्ह' आखडून जे होतं ते 'वुड ऑफ'सारखं ऐकू येतं, आणि इंग्रजी मातृभाषा असणारे अनेक जण तसंच लिहून टाकतात. आपल्याकडे ही चूक क्वचित होते, कारण आपण हे वाक्य ऐकण्याआधी वाचलेलं असतं.

दोन याद्या जुळत का नाहीत?

समोच्चारी शब्दांची जगभर चालेल अशी एक यादी असूच शकत नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये स्वरानंतरचा 'आर' उच्चारत नाहीत, म्हणून तिथे 'फादर' आणि 'फार्दर', 'कॉट' (पकडलं) आणि 'कोर्ट' एकसारखे. बहुतेक अमेरिकन माणसांना ते स्पष्ट वेगळे ऐकू येतात. अमेरिकेत मात्र 'लॅडर' आणि 'लॅटर' एक होतात, कारण दोन स्वरांमधला 'ट' तिथे मऊ पडतो. 'विच' (कोणता आणि चेटकीण) बहुतेकांना सारखाच, पण स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले पुष्कळ लोक पहिल्याच्या सुरुवातीला 'ह'चा श्वास सोडतात. यादी कुणी, कुठल्या उच्चारावरून केली हे माहीत नसेल तर तिच्यात चुका आहेत असं उगाच वाटतं.

मग स्पेलिंगच सुधारून का टाकत नाहीत?

उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं तर पहिला प्रश्न वरचाच, उच्चार कुणाचा धरायचा? दुसरी अडचण वाचणाऱ्याची. बोलताना संदर्भ, सूर आणि समोरचा माणूस मदतीला असतो, कागदावर यांतलं काही नसतं. वेगळं स्पेलिंग लिहिणाऱ्याला छळतं, पण वाचणाऱ्याला शब्द झटकन ओळखून देतं. शिवाय 'साइन' आणि 'सिग्नेचर', 'नो' आणि 'नॉलेज' यांचं नातं अक्षरांमुळेच दिसतं. उच्चाराबरहुकूम लिहिलं तर ते तुटेल. इंग्रजी स्पेलिंग तर्कशुद्ध आहे असा दावा कुणी करू नये. पण सगळं सपाट केल्यास जाणाऱ्या गोष्टी कमी नाहीत.

आता यंत्रच दुरुस्त करतं ना?

बरंच करतं. आजूबाजूची पाच-सात पदं पाहून 'इट्स' किंवा 'देअर' चुकलं आहे हे आजची लेखन-साधनं सहसा ओळखतात. त्यांची गाडी अडते ती दोन्ही शब्द त्याच वाक्यात व्याकरणाने बसतात तिथे. 'द साइट वॉज इम्प्रेसिव्ह' मध्ये बघणाऱ्याला जागा आवडली की दृश्य, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. 'डिस्क्रीट' चौकशी म्हणजे बोभाटा न करता केलेली, की सुटी-सुटी? पहिल्यात दोन 'ई' चिकटून असतात, दुसऱ्यात त्यांच्यामध्ये 'टी' उभा राहून त्यांना वेगळं करतो. आणि एखाद्या सेवेबरोबर 'कॉम्प्लिमेंटरी' साधन देऊ असं लिहिताना मनात 'पूरक' असेल पण बोट 'आय'वर पडलं, तर वाचणारा ते फुकट मिळणार म्हणून धरून चालतो. यंत्राच्या लेखी त्या वाक्यात काही चुकलेलंच नसतं.